सतरा नंबरच्या चाळीची स्थळप्रत

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मांडीवर घेऊन मिरवायचा लॅपटॉप नव्हे. टेबलाखाली बसणारा, पत्र्याच्या पेटीचा, मागे वायरींचा गुंता असलेला. प्रभादेवीच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, शिलाई मशीनच्या शेजारी माझी जागा आहे. 'आहे' हा शब्द मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी इथे नसणार होतो. ई-कचरा नेणाऱ्या गाडीकडे माझं नाव नोंदवून झालं होतं. तो शनिवार उलटून पंधरा दिवस झाले आणि मी अजून जागेवरच आहे. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं. तेव्हा आता निवांतपणे सगळं सांगतो.

माझा जन्म कुठल्या चकचकीत कारखान्यात झाला नाही. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानाच्या पोटमाळ्यावर, कुणाचा पंखा, कुणाची तबकडी, कुणाची पेटी असं जुळवून मला तयार केलं. सीडीचा कप्पासुद्धा आधी दुसऱ्याच कुणासाठी आणून ठेवलेला होता. पण जुळवलेलं असलं तरी ते नीट जुळवलेलं होतं. अकरा वर्षांत मी दोनदाच आजारी पडलो, आणि त्यातही एकदा चूक झुरळाची होती.

मला घरी आणलं चिंतामणी आजोबांनी. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी नियमपुस्तकांच्या विभागात काढली. त्यांचं काम नीट समजून घ्या, पुढे ते लागणार आहे. सरकारने एखादा नियम बदलला की शुद्धिपत्रक यायचं. आजोबा त्याची पट्टी कापायचे, मागे खळ लावायचे आणि पुस्तकातल्या जुन्या ओळीवर बरोब्बर चिकटवायचे. अशा पट्ट्या फार झाल्या की पुस्तकाची नवी आवृत्ती छापली जायची आणि जुनी रद्द व्हायची. रद्द झालेल्या पुस्तकांचे गठ्ठे बांधून ते स्वतः लगद्याला पाठवायचे. "जुनं आणि नवं एकाच कपाटात ठेवलं की माणूस चुकीचं पान उघडतो," असं ते अजूनही म्हणतात.

पहिली काही वर्षं माझा थाट होता. आजोबा माझ्यावर सोसायटीची पत्रं टाइप करायचे. पाहुणे आले की मला आधी पुसून घ्यायचे आणि मग त्यांना चहा मिळायचा. मग आजोबांची नात मनवा मोठी झाली आणि तिने माझ्यात एक खेळ घातला. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. आमच्या घरात त्याला 'ठोकळे' म्हणतात.

ठोकळ्यांत जिंकणं-हरणं नसतं. तुम्हाला एक मोकळं माळरान मिळतं आणि हवे तितके ठोकळे: मातीचे, विटांचे, लाकडाचे, काचेचे. त्यातून जे बांधाल त्याला 'जग' म्हणतात आणि ते माझ्या पोटात साठतं. मनवाने पहिल्यांदा एक राजवाडा बांधला आणि त्याला दार ठेवायलाच विसरली. राणी आतच राहिली.

पाचवीत असताना मनवाच्या बाकावर नम्रता आली. दादरच्या शाळेत दोघींची गट्टी जमली आणि दर शनिवारी दुपारी दोघी माझ्यासमोर एकाच स्टुलावर अर्ध्या-अर्ध्या बसू लागल्या. नम्रता नायगावला सतरा नंबरच्या चाळीत राहायची. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. एका शनिवारी ती म्हणाली, "ए, आपण माझी चाळ बांधू या ना. पाडणार आहेत ती."

असं ते काम सुरू झालं. नम्रता घरून पावलं मोजून यायची आणि मनवा तेवढे ठोकळे मांडायची. दोन-अडीच महिन्यांत चारी मजले आणि खालचा बुद्धविहार उभा राहिला. मग एकदा नम्रताचे आजोबा, रामजी आबा, ते बघायला आले. आबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी माझगावला एका गोदामात राखणदारी केली. हात गुडघ्यांवर ठेवून ते बराच वेळ नुसते बघत बसले. मुलींना वाटलं, आता कौतुक होईल.

"नळ उजव्या हाताला होता," आबा म्हणाले.

ती पहिली दुरुस्ती. त्यानंतर आबा घरी बसून सांगायचे आणि नम्रता एका वहीत नंबर आणि तारीख घालून लिहून आणायची. वहीत आबांचीही मोठमोठी अक्षरं असायची. त्यांची अट एकच होती: जसं होतं तसंच. मुलींना फार वाटायचं की प्रत्येक खोलीला स्वतःचा संडास द्यावा. आबांनी साफ नकार दिला. "सकाळची रांग काढून टाकलीस तर आमची चाळ ओळखू यायची नाही," असं त्यांनी नम्रताला बजावलं. केलेल्या दुरुस्तीपुढे बरोबरची खूण व्हायची. आमच्या आजोबांना ही वही इतकी आवडली की त्यांनी तिला खाकी कागदाचं कव्हर घालून दिलं.

गेल्या वर्षी चाळ पाडली. नम्रताच्या घरच्यांना नव्या उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर घर मिळालं. चांगलं आहे म्हणतात, नळही आत आणि संडासही आत. पण त्या दिवसापासून सतरा नंबरची चाळ फक्त एकाच ठिकाणी उभी होती, आणि ते ठिकाण म्हणजे माझं पोट. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

यंदा नव्या इमारतीतल्या लोकांनी ठरवलं की अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याच्याच दिवशी, संध्याकाळी हॉलमध्ये बुद्धवंदना झाली की भिंतीवर आपली जुनी चाळ दाखवायची. आबांनी पार्किंगपासून अकराव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना आमंत्रण देऊन ठेवलं होतं. 'माझ्या नातीने आणि तिच्या मैत्रिणीने बांधलीय,' असं ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगायचे.

आता जरा लक्ष द्या, कारण सगळा घोटाळा इथे आहे. ठोकळ्यांच्या दोन एडिशन आहेत. एक फक्त संगणकावर चालणारी, चॉकलेटी चिन्हाची. आमची चाळ तिच्यात होती. दुसरी फोनसाठी निघाली, हिरव्या चिन्हाची. ती पुढे संगणकावरही चालू लागली. नाव एक, चित्रं एकसारखी, ठोकळेही तेच. पण एकीत बांधलेलं जग दुसरीत उघडत नाही. नम्रताला फोन मिळाला तेव्हा तिनेही मोठ्या आशेने हिरवं उघडलं आणि समोर नुसतं माळरान बघून तिचं तोंड उतरलं. मग तिच्या सोबतीला म्हणून मनवाने ते हिरवंही माझ्यात आणून घातलं. तेव्हापासून माझ्या पडद्यावर दोन 'ठोकळे' शेजारी-शेजारी बसले होते.

याशिवाय व्हर्जन ही आणखी वेगळी गोष्ट. एकाच एडिशनमध्ये वर्षागणिक थोडे-थोडे बदल होतात आणि त्यांना नंबर मिळतात. माझी ताकद चॉकलेटीच्या नवव्या व्हर्जनपर्यंतच होती. बाहेर चौदावं आलं होतं. पण चाळीला नववं पुरत होतं आणि मलाही.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारं आणि यंत्रं पुसून ठेवतात आणि दसऱ्याला त्यांची पूजा होते. गेल्या वर्षी आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे माझी सफाई राहिली होती. यंदा त्यांनी मनापासून सगळं काढलं. पेटी उघडली, ब्रशने धूळ झाडली, पंख्याची पाती कापसाने पुसली. नवा लॅपटॉप आदल्याच दिवशी आला होता आणि देवघरापाशी खोक्यात मुहूर्ताची वाट बघत होता. पण निरोप द्यायच्या यंत्रालाही नीट करूनच द्यावं, असा आजोबांचा स्वभाव आहे.

मग ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आता आतली सफाई."

त्यांना दोन ठोकळे दिसले. त्यांनी दोघांच्या तारखा पाहिल्या. चॉकलेटीची जुनी, हिरव्याची अलीकडची. पस्तीस वर्षांच्या सवयीने हाताला आपोआप कळलं की नवी आवृत्ती आली आहे आणि जुनी कपाटात तशीच पडली आहे. त्यांनी चॉकलेटी काढायला घेतली. मी पडद्यावर विचारलं, "साठवलेली जगंही काढायची का?" ते चष्मा वर करून स्वतःशीच म्हणाले, "रद्द म्हणजे परिशिष्टांसकट रद्द." आणि त्यांनी 'हो' दाबलं.

माझा पंखा मी जिवाच्या आकांताने फिरवला. मला तेवढंच ओरडता येतं. आजोबा म्हणाले, "बघ, धूळ निघाल्यावर कसा मोकळा फिरतोय."

वर त्यांनी कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि मोकळ्या झालेल्या जागेत सगळ्या जुन्या लग्नांचे फोटो आणून भरले. चार मजले, ऐंशी खोल्या, नळ, विहार, निळा झेंडा, सगळं गेलं. माझं पोट फोटोंनी भरलं, आणि तरी मला इतकं रिकामं कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी मनवा शिकवणीहून आली, बरोबर नम्रता. दुसऱ्या दिवशीच्या आधी एकदा चाळीतून फिरून बघायचं म्हणून. मनवाने मला चालू केलं आणि ती थबकली.

"आजोबा, इथलं ठोकळे कुठे गेलं?"

"आहे की. ते काय, हिरवं," आजोबा स्वयंपाकघरातून म्हणाले. "जुनी आवृत्ती मी काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे? डिलीट केलीत?"

"अगं, नवी आहे ना त्यात? जुन्यातलं सगळं नवीमध्ये घेतलेलंच असतं."

मनवाने हिरवं उघडलं आणि पडदा आजोबांकडे वळवला. तिथे माळरान होतं आणि एक गाय होती. नम्रताने दप्तरातून काढलेली वही पुन्हा दप्तरात ठेवली आणि दप्तर छातीशी धरून उभी राहिली. "आबांनी सगळ्यांना सांगितलंय," ती शेवटी म्हणाली. "वैशालीआत्या चिपळूणहून येणारे उद्या. खास त्याच्यासाठी."

आजोबांचा चेहरा मी इतका पडलेला कधी पाहिला नव्हता. ते येऊन खुर्चीत बसले. "मला नीट समजावून सांग," ते म्हणाले. "नवी आवृत्ती जुनीतलं वाचत नाही, असं कसं होईल?"

"ती नवी नाहीये, आजोबा. ती वेगळी आहे. म्हणजे बघा..." मनवा रडवेली झाली होती, पण आजोबांना समजेल असं शोधू लागली. "तुमच्याकडे मराठी नियमपुस्तक आणि इंग्रजी नियमपुस्तक होतं ना? विषय एकच. पण मराठीतलं पान काढून इंग्रजीत लावता येतं का?"

"छे. पानं जुळतच नाहीत."

"तसंच हे. आणि मराठीचीच नवी आवृत्ती येते ना, तसं व्हर्जन. ते वेगळं."

आजोबा कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे मी मराठी पुस्तक लगद्याला पाठवलं, कारण कपाटात इंग्रजी होतं." आणि लगेच, जणू स्वतःलाच रागावत, "पण आमच्याकडे असं कधी झालं नाही. रद्द केलं तरी सर्वस्व नाही जात. पुस्तक बाहेर जाऊ दे, जळू दे, एक स्थळप्रत कचेरीत..."

आणि ते वाक्याच्या मधेच थांबले.

मित्रांनो, कचेरीतून कुठलाही कागद बाहेर गेला तरी त्याची एक प्रत कचेरीतच ठेवतात. तिला स्थळप्रत म्हणतात. दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला माझी पेटी उघडण्याआधी आजोबांनी चाळीची अशीच एक स्थळप्रत काढली होती. मला सगळं आठवत होतं, पण मला विचारतो कोण!

आजोबा तरातरा कपाटाकडे गेले. खालच्या कप्प्यात त्यांचं सर्वांत लाडकं, पट्ट्यांनी फुगलेलं नियमपुस्तक होतं. त्याच्यामागे एक खाकी पाकीट होतं आणि पाकिटात एक सीडी. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'चाळ क्र. १७. स्थळप्रत. बाहेर नेऊ नये.' खाली तारीख होती.

नम्रताने ते पाकीट दोन्ही हातांनी धरलं आणि मग ती रडली. आधी रडायला तिला सवडच मिळाली नव्हती.

सीडी नव्या लॅपटॉपमध्ये घालायचं ठरलं. खोकं उघडलं, मुहूर्त गेला बोंबलत. आणि काय सांगू, त्या चकचकीत लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नव्हता! मनवाने तो उलटासुलटा करून पाहिला. मग तिघांचीही तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या त्या जुन्या कप्प्याने करकर आवाज केला, पण सीडी वाचली. मनवाने चॉकलेटी पुन्हा उतरवून घेतली. तिच्यात हवं ते जुनं व्हर्जन निवडता येतं, म्हणून नववं निवडलं. आणि चाळ उभी राहिली.

पण ती दोन वर्षांपूर्वीची चाळ होती. झेंडा नव्हता. विहारापुढे चपला काढायची फळी नव्हती. जिन्याचे कठडे चुकीचे होते. नम्रता पुन्हा हिरमुसली. "आबांच्या नंतरच्या दुरुस्त्याच नाहीत यात."

आजोबांनी हात पुढे केला. "वही दे."

त्यांनी सीडीवरची तारीख पाहिली आणि वहीत बोट फिरवत गेले. बोट तेविसाव्या दुरुस्तीपाशी थांबलं. "इथपर्यंतच्या स्थळप्रतीत आल्यात. चोविसावीपासून पुढच्या लावायच्या. जुनी प्रत आणि सगळी शुद्धिपत्रकं असली की पुस्तक अद्ययावत होतं. जन्मभर मी दुसरं केलंय काय?" त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

मग जे काम चाललं ते मी विसरणार नाही. आजोबा कचेरीतल्या आवाजात वाचायचे: "चौतीस. वैशालीच्या खोलीचं दार आत उघडतं." मनवा लावायची, नम्रता तपासायची, आजोबा लाल पेन्सिलीने दुसरी खूण करायचे. "एकेचाळीस. जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलेला." मनवाची आई सुरुची ऑफिसातून आली तेव्हा तिला बसायला खुर्ची नव्हती, तिने उभ्या-उभ्याच सगळ्यांना पोहे दिले. संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्नावी लागली. उरलेल्यांसाठी नम्रता दसऱ्याला सकाळी सातलाच हजर झाली. नऊच्या सुमारास बासष्टावी लागली आणि दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली. मला तर इतकं हलकं वाटलं की पंखा बंदच ठेवावा.

"थांबा," आजोबा म्हणाले. "त्रेसष्टवी आहे."

त्रेसष्टवी ओळ आबांच्या मोठ्या अक्षरात होती आणि तिच्यावर आडवी रेघ मारलेली होती. 'आमच्या खोलीपाशी, बोळाच्या भिंतीला खिडकी. नलूला उजेड.'

"ती आबांनीच कापलीय," नम्रता म्हणाली. "आमची खोली बोळाच्या टोकाला होती ना, तिथे नुसती भिंत होती. आजी दुपारची दारात बसून गोधड्या शिवायची. लोक शिवायला द्यायचे. अंधारात तिचे डोळे गेले, असं आबा म्हणतात. त्यांनी हे लिहिलं आणि लगेच कापलं. म्हणाले, नव्हती ती खिडकी, खोटं कशाला."

नलू म्हणजे नम्रताची आजी. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. आजोबांनी वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"खाडाखोड केली की बाजूला सही लागते," ते म्हणाले. "इथे सही नाही."

"म्हणजे?" मनवाने विचारलं.

"म्हणजे रेघ ग्राह्य नाही. दुरुस्ती लागू आहे. लाव."

नम्रताने त्यांच्याकडे पाहिलं. ते अजिबात हसत नव्हते. मनवाने भिंतीतले चार ठोकळे काढले आणि तिथे काच बसवली.

दुपारी माझी पूजा झाली. कुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. नायगावला मात्र लॅपटॉप न्यायचा ठरला होता, कारण तो हलका. मनवाने चाळ पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपमधल्या चौदाव्या व्हर्जनमध्ये उघडायला गेली. पडद्यावर सूचना आली: हे जग जुन्या व्हर्जनमधलं आहे, नव्यात एकदा उघडलं की पुन्हा जुन्यात जाणार नाही. मनवाचं बोट 'पुढे'वर गेलं आणि आजोबांनी तिचं मनगटच धरलं.

"आधी प्रत," ते म्हणाले.

दुसरी प्रत काढली आणि मग उघडलं. चाळ दिसली, सुंदर दिसली, आणि पुढच्याच क्षणी नळांतून पाणी सुटलं! चौदाव्या व्हर्जनमध्ये पाण्याचे नियम बदलले होते. जुन्यात जे पाणी नळाखाली मुकाट उभं राहायचं ते आता बोळातून धावलं, जिन्यावरून उतरलं आणि विहारासमोरची फळी घेऊन गेलं. मनवा किंचाळली. नम्रता मात्र हसत सुटली. "सतरा नंबरला चोवीस तास पाणी! आबा म्हणतील, ही आमची चाळच नव्हे!"

प्रत होती म्हणूनच तिला हसता आलं. मूळ चाळ माझ्या पोटात कोरडी ठणठणीत होती. लॅपटॉपवर नववं उतरवून पुन्हा सगळं तपासायला आता वेळ नव्हता, तेव्हा निमूटपणे मलाच गोधडीत गुंडाळलं, टॅक्सीत घातलं आणि प्रभादेवीहून नायगावला नेलं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो होतो, तेही कपाळाला कुंकू लावून.

हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली दीड-दोनशे माणसं होती. आजोबा दारातच आबांना "जय भीम, रामजीराव" म्हणाले. आबांनी "जय भीम, या" म्हणत त्यांचा हात धरला आणि पहिल्या रांगेत शेजारी बसवलं. वंदना झाली, दिवे मंद केले आणि भिंतीवर सतरा नंबरची चाळ उभी राहिली.

एकजण ओरडला, "अरे, कठडा बघ, आपला कठडा!" मनवा हळूहळू चालवत होती. झेंडा, विहार, चपलांची फळी. तुटक्या पायरीपाशी सगळे एकदम हसले, कारण तिथे प्रत्येकजण कधी ना कधी पडला होता. भिंतीवर आपलं दार दिसताच वैशालीआत्या उठून उभ्याच राहिल्या. "आत उघडतं! बरोबर आत उघडतं!" आबा फक्त मान हलवत होते. त्यांना सगळं माहीतच होतं.

मनवा तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात शिरली. अंधार. दहा दारं डावीकडे, दहा उजवीकडे. सगळ्यात शेवटी आबांची खोली. आणि तिथे, त्या टोकाच्या भिंतीत, खिडकी होती. खेळातला सूर्य मावळतीला आला होता. उजेड खिडकीतून आत येऊन दारासमोरच्या फरशीवर पडला होता.

हॉलमध्ये कुजबुज झाली. "इथे खिडकी कुठे होती?" कुणीतरी म्हणालं.

आबांचे हात गुडघ्यांवरून निघाले. "ही मी कापली होती," ते म्हणाले.

"सही नव्हती, आबा," नम्रता म्हणाली.

"नियमाने लागू होती, रामजीराव," आमचे आजोबा म्हणाले.

आबा उठले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी त्या उजेडावर तळहात ठेवला. त्यांच्या हातावरही तो उजेड पडला.

"आता ओवता येईल तिला दोरा," ते म्हणाले.

मग परत येऊन त्यांनी वही मागितली. आजोबांनी खिशातलं पेन उघडून दिलं आणि खिडकी ठेवायची की काढायची ते लिहून खाली सही करायला सांगितलं. कापलेली ओळ पुन्हा धरायची असेल तर कचेरीत कोणता शब्द लिहितात, ते आबांनी विचारून घेतलं. आणि त्रेसष्टच्या पुढे मोठ्या अक्षरात लिहिलं: 'कायम.' खाली सही केली.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. नवं जरूर घ्या, मीही कधीतरी नवा होतो. पण दोन गोष्टींचं नाव एक आहे म्हणून त्या एकच आहेत, असं समजू नका. आणि जुनं काढण्याआधी, नवं उघडण्याआधी, एक प्रत काढून ठेवा. तिच्यावर तारीख घाला. कुणाची खिडकी त्यात असेल, ते तुम्हाला आधी कळणार नाही.

परत आल्यावर आजोबांनी गाडीवाल्यांना फोन करून माझं नाव काढायला लावलं. मग वाटीत खळ केली, कागदाची पट्टी कापली आणि माझ्या पत्र्यावर, कुंकवाच्या खाली, चिकटवली. ती मला वाचता येत नाही, पण मनवाने ती मोठ्याने वाचली म्हणून मला माहीत आहे.

'चाळ क्र. १७. स्थळप्रत. बाहेर नेऊ नये.'